नागमोडी चिन्हाची दुरुस्ती

कंधार तालुक्यातल्या एका शाळेनं सुवर्णमहोत्सवाला मोठी पंगत घातली होती. राबणाऱ्या आचाऱ्यांचा शेवटी शाल देऊन सत्कार करायचा, असं मंडळींनी ठरवलं आणि तसं पत्रिकेत लिहून दिलं. पत्रिका छापून आली तेव्हा तीत ‘आचार्यांचा सत्कार’ असं होतं. आसपासचे निवृत्त प्राचार्य, कॉलेजातले प्राध्यापक आणि संस्कृतचे एक म्हातारे मास्तर इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत येऊन बसले. मुख्याध्यापकांचा मला लातूरला फोन आला. आवाज रडवेला होता की हसरा, ते मला आजही सांगता येणार नाही.

“मॅडम, शाली कमी पडल्या हो!”

“मग काय केलं?”

“काय करणार? आधी आचार्यांना दिल्या. आचारी म्हणले, आमाला भात बघायचाय, आमचं मागून बघा.”

फोन मला आला, कारण ती पत्रिका ज्या प्रोग्रामवर तयार झाली तो आम्ही सांभाळतो. आम्ही म्हणजे दोघंच. नांदेडचा इरफानभाई आणि लातूरची मी. प्रोग्रामचं नाव ‘ओळंबा’. इरफानचे वडील गवंडी होते. भिंत सरळ उभी राहते की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. त्यानं हा प्रोग्राम पहिल्यांदा लिहिला तेव्हा नाव शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

ओळंब्याचं काम सांगायला सोपं आहे. तुम्ही साधा मजकूर टाइप करायचा, कुठल्याही जुन्या कॉम्प्युटरवर, कुठल्याही फाइलीत. ठळक पाहिजे तो शब्द दोन चांदण्यांच्या (*) मध्ये ठेवायचा. मथळ्याच्या ओळीआधी एक खूण करायची. शब्दावर काट पाहिजे तर त्याच्या दोन्ही बाजूंना ती नागमोडी रेघ टाकायची, कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असते ती: ~. मग ओळंबा ती चिन्हं वाचतो, काढून टाकतो आणि छापायला तयार असं सुबक पान हातात देतो. एवढंच. मोठे प्रोग्राम परवडत नाहीत किंवा जुन्या मशीनवर चालत नाहीत, असे छापखाने, साप्ताहिकं, क्लासवाले, वकील, शाळा हे आमचे लोक. मी आधी लातुरात एका क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करायची. ओळंब्यातल्या चुका सापडल्या की नांदेडला फोन करायची. इतक्या सापडल्या की शेवटी इरफान म्हणाला, “मॅडम, तुम्ही रोज भांडून राहिल्यात, त्यापेक्षा इकडंच या कामाला.” तेव्हापासून इकडंच आहे.

आचाऱ्यांचे आचार्य का झाले, तेही सांगून टाकते. आपला ‘ऱ्य’ काढताना काही कीबोर्ड मध्ये एक न दिसणारं चिन्ह टाकतात. डोळ्यांना काही नसतं, मशीनला असतं. अशा न दिसणाऱ्या चिन्हांमुळं शब्द शोधताना सापडत नाहीत, अशी तक्रार एका साप्ताहिकानं केली होती. आम्ही ती सगळी चिन्हं झाडून काढली. साप्ताहिकाचे शब्द सापडायला लागले आणि कंधारकडं आचारी विद्वान झाले. आमच्या धंद्यात हे असं चालतं. दुरुस्ती कुणाच्या तरी मागण्यावरून होते, आणि ती कुठं जाऊन लागेल ते आपल्याला दिसत नाही. तेव्हा आम्ही हसलो होतो. मुख्याध्यापकही हसले असावेत.

नागमोडी चिन्हाच्या वेळी कुणी हसलं नाही.

सुरुवात हदगावच्या एका वकीलसाहेबांपासून झाली. साहेब जुन्या वळणाचे, कडक बोलायचे, पण मसुदा ओळंब्यातच लिहायचे. खरेदीखताचा मसुदा दोन पक्षांमध्ये फिरतो. काय कापलं आणि काय घातलं ते दिसावं म्हणून जुन्या शब्दावर काट मारून नवा पुढं लिहितात. आता मराठीत निम्म्या भानगडी शब्दाच्या शेपटीत असतात. ‘शेतजमिनीचा हक्क’ आणि ‘शेतजमिनीवरील हक्क’ यांत वकिलांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून साहेबांनी लिहिलं, ‘शेतजमिनी~चा~वरील’. म्हणजे फक्त ‘चा’वर काट.

ओळंब्यात एक जुना दोष होता. नागमोडी चिन्ह सुटं असेल तर तो बरोबर काट मारायचा, पण दोन अक्षरांच्या मध्ये चिकटून आलं की गोंधळायचा. चिन्ह गिळून टाकायचा आणि तिथं एक बारीकशी फट सोडायचा. साहेबांच्या मसुद्यात छापून आलं, ‘शेतजमिनी चा वरील’.

“हे बघा बाई,” साहेब फोनवर म्हणाले, “पक्षकार मला विचारून राहिला, चा का वरील? मी काय सांगू, ओळंब्याला विचार म्हणू?”

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. इरफाननं तो दोष काढला. आता नागमोडी चिन्ह कुठंही येवो, शब्दाच्या मध्ये का असेना, एकापासून दुसऱ्यापर्यंत जे काही असेल त्यावर काट. मी साहेबांचे जुने मसुदे, छापखान्यांच्या फायली, सगळ्यांवर चालवून बघितलं. कुठं काही बिघडलं नाही. नवी आवृत्ती सगळीकडं गेली. साहेबांनी फोन करून “जमलं” एवढा एकच शब्द उच्चारला. ते त्यांच्या मानानं पुष्कळ होतं.

बरेच महिने शांततेत गेले. मग एके दिवशी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

“ओळंबावाल्या ताई का?”

“हाव, बोला.”

“मी केंद्रे. किनवटकडच्या आश्रमशाळेत शिकवते. ताई, माझं पुस्तक छापून आलंय. सगळ्या शब्दांवर काट मारून आलंय.”

मला वाटलं छापखान्याची चूक असेल. फोटो मागितला. त्यांच्याकडं रेंज फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीवर येते, म्हणून फोटो यायला संध्याकाळ झाली.

मुलांच्या पहिल्या वाचनाचं पुस्तक होतं. ओळीनं चित्रं, हातानं काढलेली. एका चित्रात नदी, शेजारच्या चित्रात कौलारू घर. खाली मोठ्या टायपात शब्द. पहिला ‘येर’, दुसरा ‘रोन’. आणि पहिल्या शब्दातल्या ‘र’पासून दुसऱ्या शब्दातल्या ‘रो’पर्यंत एक काळी जाड रेघ आडवी गेलेली. पुढच्या ओळीतही तसंच, त्याच्या पुढच्याही. पान न् पान.

केंद्रे बाईंना मी पुन्हा फोन लावला. त्या कंधारकडच्या. नोकरी लागून किनवटला गेल्या तेव्हा त्यांच्या वर्गातली बहुतेक मुलं घरी गोंडी बोलणारी होती. वर्गात गप बसायची. बाई मराठीत विचारायच्या, मुलं खाली बघायची. बाईंनी मग स्वतःच शिकायला घेतलं. मुलांकडून, त्यांच्या आयांकडून, वसतिगृहात भाकरी थापणाऱ्या मावशींकडून एकेक शब्द गोळा केला. येर म्हणजे पाणी. रोन म्हणजे घर. पहिलं पुस्तक या शब्दांचं करायचं असं ठरवलं. पोरगं आधी आपल्या घरातला शब्द वाचेल, वाचता येतं म्हणून त्याला हिंमत येईल, मग पुस्तकाच्या मागच्या भागात मराठी.

“पण ‘ये~र’, ‘रो~न’ अशी मध्ये नागमोडी कशाला टाकली तुम्ही?” मी विचारलं.

“फट पडते ना त्यानं! ये... र. रो... न. नवं पोरगं तोडून तोडून वाचतं. नुसती मोकळी जागा सोडली तर लई मोठी पडते, आणि ओळ संपली की निम्मा शब्द खाली जातो. नागमोडीनं कशी नेमकी पाहिजे तेवढी फट पडती, अन् शब्द तुटत बी न्हाई. ताई, तुमी लई विचार करून केलेली दिसती ती सोय.”

जो दोष आम्ही काढून टाकला होता, तो बाई सोय म्हणून वापरत होत्या. त्यांच्या शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर कुणीतरी पेनड्राइव्हमधून टाकलेला जुना ओळंबा होता. तिथं सगळं नीट दिसायचं. बाईंनी फाइल नांदेडच्या एका छापखान्यात पाठवली. छापखान्यात नवा ओळंबा. मागच्या भागातले मराठी शब्द बाईंनी अखंड लिहिले होते, कारण तोवर मुलांना वाचता येईल असा त्यांचा हिशोब. त्यामुळं पुस्तकात झालं असं, की मराठी शब्द स्वच्छ छापून आले आणि मुलांच्या घरातले सगळे शब्द काट मारलेले.

छापखान्याच्या ऑपरेटरला मी विचारलं, तुला दिसलं नाही का? तो बिचारा म्हणाला, “दिसलं की मॅडम. मला वाटलं, बाईंची काय तरी शिकवायची पद्धत असंल.”

इरफानला मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेतल्यावर म्हणाला, “अफसोस झाला. पण मॅडम, हा बग नाही.”

“म्हणजे?”

“बग होता, तो आपण काढला. आता ओळंबा नियमानं वागून राहिला. त्यांनी बगचा वापर केला, त्याला आपण काय करणार? त्यांना नवी फाइल करून देऊ.”

“आणि परत फट पाडायला काय वापरायचं त्यांनी?”

“काहीतरी वेगळं बघू. पण नागमोडीचा मतलब काट. एक निशाणी, एक मतलब. आज बाईंसाठी बदललं, उद्या वकीलसाहेबांचं खरेदीखत चुकलं तर? कोर्टात कोण उभं राहणार, तुम्ही?”

त्याचं चूक नव्हतं. नियम ढिला केला की प्रोग्राम ढासळतो, हे मी त्याच्याकडूनच शिकले. तरी मी भांडले. तोही भांडला. दोन दिवस आम्ही एकमेकांना फक्त कामापुरतं ‘हो’, ‘नाही’ पाठवत होतो. मध्ये केंद्रे बाईंचा पुन्हा फोन आला. नवी फाइल पाठवते म्हटलं तर म्हणाल्या, “फाइलीचं बघू नंतर. तुम्ही एकदा येऊन बघा ताई, पोरं काय करून राहिलीत ते.”

मी इरफानला म्हटलं, मी जाते. तो म्हणाला, “एकट्या कशाला जाता? येतो मी बी.”

लातूरहून एसटीनं मी नांदेडला आले. तिथून सकाळच्या गाडीनं आम्ही किनवटला निघालो. गाडीत इरफान खिडकीशी बसून लॅपटॉपवर काहीतरी करत होता. मला दाखवायला म्हणून त्यानं नियमांची यादी काढली होती. कोणतं चिन्ह कशासाठी, कोणतं मोकळं आहे. किनवट जवळ आलं तशी दोन्ही बाजूंना सागाची झाडं दाट झाली. त्यानं लॅपटॉप मिटला.

केंद्रे बाई फाटकाशी उभ्या होत्या. चाळिशीच्या, काळ्यासावळ्या, साडीचा पदर कमरेला खोचलेला. आम्हाला त्यांनी आधी चहा पाजला, तक्रारीचं अक्षर काढलं नाही. मग वर्गात नेलं. मुलं सतरंजीवर ओळीनं बसली होती. प्रत्येकाच्या पुढ्यात ते पुस्तक.

“पुस्तकं वाटायच्या आधी मी उघडून बघायला पाहिजे होतं,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “पण गठ्ठा आला तशी पोरं धावली. मलाच धीर निघाला न्हाई. आमचं पुस्तक, आमचं पुस्तक करून नाचत होती.”

पुढच्या ओळीत एक मुलगी बसली होती. जंगूबाई तिचं नाव. आठ-नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, मान खाली. बाईंनी तिचं पुस्तक मागून घेतलं आणि आमच्या हातात दिलं.

येर आणि रोन, दोन्हींवरून रेघ गेलेली होतीच. पण येरच्या वर पेन्सिलीनं, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, ‘पाणी’. रोनच्या वर, ‘घर’. पान उलटलं. प्रत्येक काट मारलेल्या शब्दाच्या वर मराठी शब्द. मागच्या भागातून एकेक शोधून, चित्र जुळवून, तिनं वर उतरवला होता. सगळं पुस्तक तिनं दुरुस्त केलं होतं.

इरफान तिच्या समोर सतरंजीवर मांडी घालून बसला.

“बेटा, हे कुणी सांगितलं लिहायला?”

“कुणी न्हाई.”

“मग काहून लिहिलं?”

तिनं बाईंकडं बघून घेतलं, मग म्हणाली, “आमच्या वहीत चुकलं की बाई रेघ मारत्यात. मग वरतून बरोबर लिवायचं.”

“म्हणजे हे चुकलेलं होतं?”

“पुस्तकात रेघ हाय की.”

इरफाननं नदीच्या चित्रावर बोट ठेवलं. “घरी याला काय म्हणते तू?”

जंगूबाई एक बोट सतरंजीच्या भोकात घालून फिरवत राहिली. मग हलकेच म्हणाली, “पाणी.”

केंद्रे बाई खिडकीकडं वळल्या. “परवापर्यंत येर म्हणायची,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात आधी हिनंच मला शिकवला तो शब्द.”

मी इतकी वर्षं लोकांच्या फायली तपासतेय. टिंब गळालं, वेलांटी सरकली, पानावरचा आकडा चुकला, हे सगळं मी दुरुस्त होणारं समजत आले. त्या पोरीच्या तोंडातून तो शब्द गेला होता, त्याला कुठलं चिन्ह लावायचं ते मला सुचेना.

इरफान उठला नाही. त्यानं सगळ्या मुलांना जवळ बोलावलं. पुस्तक वर धरलं.

“ही रेघ बाईंनी मारली का?”

“न्हाई,” दोन-तीन मुलं म्हणाली.

“ही रेघ माझ्या मशीननं मारली. हे ओळंबा नावाचं मशीन मी बनवलं. ते चुकलं. तुमचा शब्द बरोबर आहे, माझं मशीन चुकलं.”

एका मुलाला ते काही पटेना. “मशीन चुकतंय व्हय?” त्यानं विचारलं.

“लई चुकतं,” इरफान म्हणाला. “रोज चुकतं. या ताई रोज मला त्याच्यावरून बोलतात.”

मुलं माझ्याकडं बघून हसली. जंगूबाई हसली नाही. आपलं पुस्तक तेवढं तिनं परत मागून घेतलं.

हा बग नाही, असं मला ठणकावून सांगणारा माणूस तो. मी त्याला तेव्हाही काही म्हटलं नाही आणि नंतरही नाही.

शाळेच्या ऑफिसात बसून त्यानं बाईंचा कॉम्प्युटर बघितला. कीबोर्डची निम्मी अक्षरं पुसली गेली होती, काही कळा दाबल्या तरी उमटत नव्हत्या. नवं चिन्ह शोधायचं म्हटलं तर जी चिन्हं मोकळी होती त्यांच्याच कळा मेलेल्या. नागमोडीची मात्र चालत होती. बाई तीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हिच्यावर माझा हात बसलाय आता. पण तुमची अडचण असंल तर दुसरं सांगा, मी शिकन.”

इरफान माझ्याकडं वळला. “एक नागमोडी म्हणजे फट. दोन जोडून आल्या म्हणजे काट. चालंल?”

“आणि वकीलसाहेब?”

“त्यांना तुम्ही सांगा,” तो म्हणाला. “मला भीती वाटते त्यांची.”

परतीच्या गाडीत त्यानं आपल्या लहानपणाचं सांगितलं. शाळेत असताना त्याच्या मराठीच्या वहीत लाल रेघाच जास्त असायच्या. घरी दख्खनी उर्दू बोलायचे. घरातला एखादा शब्द निबंधात आला की त्यावर रेघ. “सर वाईट नव्हते,” तो म्हणाला. “लई मायेनं शिकवायचे. त्यांचं काम होतं ते. पण मॅडम, मी नंतर वर्गात बोलणंच सोडून दिलं. बोललंच नाही तर चुकणार कसं?” मग त्यानं लॅपटॉप उघडला आणि नांदेड येईपर्यंत मान वर केली नाही.

चिन्हाचा अर्थ बदलणं म्हणजे ओळंबा वापरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाताची सवय बदलणं. जुन्या फायली आपोआप नव्या नियमात बसवून देणारा एक छोटा प्रोग्राम इरफाननं लिहिला. कुठली फाइल जुनी, कुठली नवी, ते ओळखायला वरच्या ओळीत आवृत्तीचा आकडा टाकायचा असं ठरवलं. तरी सगळ्यांना फोन करावेच लागले. छापखानेवाले कुरकुरले. एका क्लासवाल्यानं “परत काय काढलंत नवीन?” म्हणून ऐकवलं. सगळ्यात शेवटी, दोन दिवस टाळून, मी हदगावला फोन लावला.

“साहेब, नागमोडीचा नियम पुन्हा बदलावा लागतोय.”

“का? आत्ता तर जमलं होतं.”

मी सगळं सांगितलं. किनवट, पुस्तक, जंगूबाईनं वर लिहिलेलं ‘पाणी’.

ते म्हणाले, “दोनदा दाबायचं ना? दाबू. माझं आयुष्य गेलं दुसऱ्याच्या लिहिलेल्यावर काट मारण्यात, एक टिचकी जास्त मारीन. आणि हे बघा बाई, जुने मसुदे मी माझ्या कारकुनाकडून बघून घेतो. तुम्ही त्यात वेळ घालवू नका. त्या लेकरांचं आधी करा.”

छापखान्याच्या ऑपरेटरनं स्वतःहून सांगितलं की पुस्तक पुन्हा छापतो, मालकाशी मी बोलतो. या वेळी तो प्रत्येक पान मला पाठवायचा आणि खाली विचारायचा, “मॅडम, असंच पाहिजे ना?” मी प्रत्येक पान केंद्रे बाईंना पाठवायची. बाई टाकीवर चढून बघायच्या आणि ‘हो’ लिहायच्या. असं ते पुस्तक दुसऱ्यांदा छापलं. ये आणि र यांच्यामध्ये फक्त एक बारीक फट.

त्यानं सगळं लगेच ठीक झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. बाकीची मुलं दोन-चार दिवसांत वाचायला लागली. जंगूबाई वाचायची, पण मराठीतून. चित्र बघून ‘पाणी’ म्हणायची, खाली ‘येर’ छापलेलं असलं तरी. केंद्रे बाई तिला टोकायच्या नाहीत. मला फोनवर म्हणायच्या, “टोकलं तर तिला वाटंल आता हे बी चुकलं. ऱ्हाऊ द्या.” पोळ्याच्या सुटीत ती घरी जाऊन आली. आल्यावर कधीतरी बोलेल, असं बाईंना वाटत होतं. मी विचारायचं सोडून दिलं होतं. विचारलं की बाईंना उत्तर द्यावं लागायचं.

मग एकदा मी कामासाठी नांदेडला, इरफानच्या ऑफिसात बसले होते, तेव्हा बाईंचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

“ताई, तुमच्या ओळंब्यात एक अक्षर कमी हाय का?”

“कुठलं अक्षर?”

“तेच मला सांगता येईना. पुस्तकात झाडाचं चित्र हाय ना, त्याच्याखाली मी ‘मडा’ लिवलंय. जंगूबाई उठून उभी राहिली अन् सगळ्या वर्गासमोर म्हणली, बाई, पुस्तक चुकलंय.”

मी फोन स्पीकरवर टाकला. इरफान खुर्ची ओढून जवळ आला.

“काय चुकलंय म्हणते?”

“ती म्हणती ड न्हाई. मी म्हणलं मग र का? ती म्हणती र बी न्हाई. आमच्यात असं म्हणत न्हाईत. मला तर दोन्ही सारखंच ऐकू येतंय ताई. इथंच हाय ती, देऊ का?”

फोनवर खरखर झाली, कुणीतरी श्वास घेतला.

“जंगूबाई,” इरफान म्हणाला, “मी मशीनवाला. झाडाला काय म्हणता तुम्ही? हळू सांग.”

तिनं शब्द उच्चारला. मला ‘मडा’ ऐकू आलं. इरफान हसला.

“परत म्हण.”

तिनं परत म्हटला, या वेळी जरा मोठ्यानं.

“मड़ा,” इरफान म्हणाला.

पलीकडून लगेच आलं, “हाव! असंच!”

त्यानं माझ्याकडं बघितलं. “आमच्या घरचं अक्षर आहे, मॅडम. बड़ा, लड़का. ड च्या खाली टिंब. मराठीत ते लागत नाही, म्हणून ओळंबा त्याला कचरा समजून झाडून टाकतो.” त्यानं लगेच समोरची वही ओढली, तिथं काहीतरी खरडलं आणि फोनमध्ये म्हणाला, “बेटा, तुझं बरोबर आहे. पुस्तक चुकलं. मी आजच दुरुस्त करतो. अजून काय चुकलंय?”

“बघून सांगते,” जंगूबाई म्हणाली.

मलाही राहवेना. मी फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं, “मडा.”

“न्हाई.”

“मरा.”

पलीकडं पोरं खिदळली. “न्हाई ताई! जीभ वर न्या!”

इरफाननं दुरुस्ती त्याच दिवशी केली, आणि टिंबासकट ते अक्षर आता ओळंब्यात सगळ्यांना मिळतं. माझी जीभ मात्र अजून वळत नाही. केंद्रे बाईंचा फोन आला की जंगूबाई मागून ओरडते, “ताईला म्हणायला लावा!” मी म्हणते. ती ऐकून घेते, विचार करते, आणि अजून तरी प्रत्येक वेळी म्हणते, “न्हाई. परत म्हणा.”